जपानीची खांदशेक

कारंजा घाडगेच्या पुढे, अमरावतीकडे जाताना हायवेच्या डाव्या हाताला दोन ढाबे आहेत. त्यांच्या मधोमध ‘उमाटे टर्बो वर्क्स’ आहे आणि हा तिसरा ढाबा नाही, हे भुकेल्या माणसांना समजावून सांगण्यात मुकेश उमाटेची रोजची दहा-पंधरा मिनिटं जातात. उरलेल्या वेळात तो ट्रकचे टर्बो दुरुस्त करतो.

टर्बो म्हणजे इंजिनाला चिकटलेली एक लोखंडी गोगलगाय. इंजिनातून बाहेर पडणारी तापलेली हवा तिच्यातलं एक चाक फिरवते, ते चाक दुसरं चाक फिरवतं आणि ते दुसरं चाक इंजिनात जास्तीची हवा कोंबतं. थोडक्यात, इंजिन स्वतःच टाकलेल्या श्वासावर पैलवान होतं. मुकेशला हे पहिल्यांदा समजलं तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. त्या वयात माणसं कविता करतात किंवा स्पर्धा परीक्षेला बसतात. मुकेश ग्रीसने माखलेल्या हातांनी तासभर नुसता हसत बसला होता, असं त्याचे तेव्हाचे उस्ताद सांगत.

आठ वर्षांपूर्वी नागपूरच्या एका ठेकेदाराच्या मुलाची लाल जपानी गाडी मुकेशच्या दारासमोर बंद पडली. टर्बो फुटला होता. मुलगा तीनदा येऊन गेला. चौथ्यांदा ठेकेदार स्वतः आला. त्याने गाडीकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं आणि मग घरामागच्या शेडमध्ये उभा असलेला ट्रॅक्टर पाहून म्हणाला, की साइटवर आपल्याला असंच काहीतरी पाहिजे होतं. मुकेशचे वडील, नत्थूजी, त्या वेळी मेहुण्याच्या मुलीच्या लग्नाला आर्वीला गेले होते. दोन दिवसांनी परतले, तर शेडमध्ये ट्रॅक्टरच्या जागी जमिनीला पोट टेकवून बसलेली एक लाल वस्तू. ट्रॅक्टर कागदोपत्री मुकेशच्या नावावर होता, एवढाच त्याचा बचाव.

नत्थूजींनी गाडीला एक फेरी मारली.

“हे वावरात जाते काय?”

“नाई, बाबा.”

“मंग कुठी जाते?”

मुकेशने प्रामाणिकपणे विचार केला. “कुठीबी जाते. पण लवकर जाते.”

त्या दिवसापासून नत्थूजी त्या गाडीत बसले नाहीत. कारंज्याला ऑटोने, नागपूरला एसटीने आणि वावरात पायी जात राहिले. मुकेशने हॉर्न वाजवून गाडी शेजारी उभी केली, तर ते रस्त्याच्या दुसऱ्या बाजूचं झाड बघत. गाडीला खरं तर तीन इंग्रजी शब्दांचं नाव होतं. गावाने तिला ‘जपानी’ म्हटलं आणि विषय संपवला.

पुढच्या आठ वर्षांत मुकेशने त्या गाडीत जपानचं फारसं काही शिल्लक ठेवलं नाही. आधीच्या दुप्पट टर्बो बसवला. टर्बोतून येणारी गरम हवा गार करायला तोंडासमोर एक जाळी असते. ती काढून खिडकीएवढी लावली. कापसाच्या दिवसांत जिनिंगकडे जाणाऱ्या गाड्यांतून उडालेला कापूस त्या जाळीत भरायचा आणि जपानीला दम लागायचा, म्हणून तिच्यावर आईच्या जुन्या लुगड्याचा पातळ तुकडा ताणून बसवला. जाळी आणखी गार राहावी म्हणून फवारणी पंपाचं नोझल लावलं. वावरात कपाशीच्या पऱ्हाटीवर औषध मारावं तसं ते जाळीवर पाणी मारत असे. पुण्याचा एक जण लॅपटॉपवरून इंजिनाची अक्कल बदलून देई. मनगटाएवढा सायलेन्सर जाऊन मांडीएवढा आला. गियर बदलताना गाडी फिस्स करून असा सुस्कारा टाकायची, की दोन्ही ढाब्यांवरची कुत्री उठून उभी राहत. एकदा एका बंद धावपट्टीवरच्या शर्यतीत जपानी बावीस गाड्यांत सातवी आली. मुकेश घरी येऊन आठ दिवस त्याबद्दल बोलला. त्याची बायको आकांक्षा जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवते. तिने एवढंच विचारलं, की पुढे सहा होत्या ना?

घरात टर्बोबद्दल आपणहून प्रश्न विचारणारं माणूस एकच निघालं. मुकेशची आई, मनकर्णाबाई, एकदा तुरीच्या शेंगा सोलता सोलता म्हणाली, “बैल खांद्यानं वढते. हे कशानं वढते?”

मुकेशला इतका आनंद झाला, की त्याने तिला शेंगांसकट शेडमध्ये नेलं. बोनेट उघडून श्वास, चाकं, हवा, दाब असं सगळं तासभर सांगितलं आणि शेवटी त्या लोखंडी गोगलगायीवर हात ठेवून म्हणाला, “माय, हाच इचा खांदा समज.” मनकर्णाबाईने मान हलवली. ती एकदा समजलेली गोष्ट विसरणारी बाई नव्हे.

यंदा जपानीला पंधरा वर्षं पूर्ण झाली. पंधरा वर्षांच्या गाडीची नोंदणी नव्याने करायची, तर ती आरटीओच्या मैदानावर नेऊन दाखवावी लागते. पास झाली तर आणखी पाच वर्षं, नाही तर भंगार. ऑनलाइन अर्ज आकांक्षाने भरला, कारण मुकेश भरायला बसला की गाडीची माहिती रकान्यात मावत नसे. मूळ रचनेत काही बदल केले आहेत का, या प्रश्नापाशी ती थांबली. चष्म्यावरून नवऱ्याकडे पाहिलं.

“मी इथं ‘नाही’ लिहून राह्यली,” ती म्हणाली. “आजवर मी खोटं लिहिलं नाही. तारखेच्या आत हे खरं करून ठेवा. अन् पास नाही झाली, तर दुसऱ्या दिवशी भंगारवाला येईल. शेडमध्ये मी पोरांचे वर्ग घेईन. आईसमोर कबूल करा.”

मुकेशने आईसमोर कबूल केलं. तारीख मिळाली ती पोळ्याच्या आदल्या दिवसाची.

आठ वर्षांचं काम तीन आठवड्यांत परत करायचं, म्हणजे संसार उलटा वाजवण्यासारखं होतं. मूळचे भाग माळ्यावर संत्र्याच्या क्रेटमध्ये, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेले होते. मुकेश ट्रकवाल्यांना वाटेला लावायचा आणि जपानीखाली शिरायचा. मोठा टर्बो निघाला, लहान बसला. खिडकी निघाली, झरोका बसला. लुगड्याचा तुकडा निघाला तेव्हा मनकर्णाबाईने तो धुऊन दोरीवर वाळत घातला. नोझल पंपाला परत गेलं. पुण्याहून अक्कलही पूर्ववत झाली. एक-एक बोल्ट आपल्या जुन्या घरी जाताना पाहून मुकेशला सासरहून मुली परत आल्यासारखं व्हायचं. आनंद मानावा की काळजी करावी, कळेना.

शेवटी एकच वस्तू मिळेना. मूळचा सायलेन्सर.

माळा पालथा झाला. दोन्ही ढाब्यांचे माळेही पालथे झाले. चौथ्या दिवशी मुकेश आंघोळीचं पाणी काढायला न्हाणीमागे गेला आणि बादली तिथेच ठेवून उभा राहिला. पाणी तापवायच्या चुलीवर, छपराच्या पत्र्यातून आरपार गेलेलं, न गंजणाऱ्या पोलादाचं एक देखणं नळकांडं होतं. धूर कसा सरळ वर जातो, म्हणून शेजारीपाजारी त्याचं कौतुक होतं. ते नत्थूजींनी सहा वर्षांपूर्वी बसवलं होतं आणि सहा वर्षं मुकेश त्याच पाण्याने आंघोळ करत होता.

नत्थूजी बाजेवर बसून सगळं ऐकत होते. ट्रॅक्टर नेला, आता चूलबी नेतं काय, असं त्यांनी विचारलं. एका दिवसाचा प्रश्न आहे, असं मुकेश म्हणाला. ट्रॅक्टरच्या वेळी आपण दोनच दिवस गेलतो, अशी नत्थूजींनी आठवण करून दिली. जेवणं झाल्यावर त्यांनी निकाल सांगितला.

“सायलेन्सर जिथी जाईन, तिथी मी जाईन. संग जाईन, संग येईन.”

अशा रीतीने आठ वर्षांनी नत्थूजी जपानीत बसले. गाडीत नव्हे, सायलेन्सरसोबत, हे त्यांनी बसताना स्पष्ट केलं.

मागच्या सीटवर मनकर्णाबाई मांडीवर पिशवी घेऊन बसली. पिशवीत स्टीलचा डबा होता. भाकर असेल असं मुकेशला वाटलं आणि त्याने विचारलं नाही. आर्वी, खरांगणा, आंजी करत त्याने गाडी वर्ध्यापर्यंत अशी चालवली, की टपावर अंडी ठेवली असती तरी उतरवून घेता आली असती. गुरांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा, रंग आणि गोंडे घेऊन लोक बाजारातून परतत होते. एका बैलगाडीमागे बराच वेळ राहिल्यावर नत्थूजी म्हणाले, की ट्रॅक्टरबी इतकाच पळे.

मैदानावर रांग होती. शाळेच्या व्हॅन, दोन टँकर, ऑटो, एक म्हातारी जीप. मुकेशने इंजिन गार व्हावं म्हणून बोनेट उघडून ठेवलं. तेवढ्यात विम्याच्या कागदाची झेरॉक्स राहिल्याचं त्याच्या लक्षात आलं आणि तो गेटकडे पळाला. नत्थूजी गाडीच्या मागे, सायलेन्सरच्या पहाऱ्यावर उभे राहिले. मनकर्णाबाई पुढे, उघड्या बोनेटसमोर.

आता हे सांगायला हवं, की उमाट्यांच्या दावणीची शेवटची बैलजोडी गेली त्याला अकरा वर्षं झाली. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदशेक करतात. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेल्या खांद्यांना पळसाच्या पानाने तूप-हळद चोळतात, शेक देतात आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतन देतात. अकरा पोळे मनकर्णाबाईचे हात रिकामे गेले होते. ट्रॅक्टर होता तोवर तिने त्याच्या स्टिअरिंगला हळद लावून पाहिली, पण खांदा नसलेल्या जनावराची सेवा कुठून करायची, हा प्रश्न सुटला नव्हता. जपानीला मात्र खांदा होता. मुलाने स्वतः दाखवला होता. आणि आज त्या खांद्याची परीक्षा होती.

तिने डबा उघडला. त्यात घरचं तूप आणि हळद कालवलेली होती. पिशवीतून पळसाची पानं काढली, एक पान डब्यात बुडवलं आणि सत्तर किलोमीटर धावून आलेल्या टर्बोवर मायेने फिरवलं.

चर्र झालं. बैलाला शेकायला निखाऱ्यांचा आर करावा लागतो. इथे खांदा आधीच तापलेला होता. मनकर्णाबाईला ही सोय फार आवडली. तिने दुसरं पान घेतलं, मग तिसरं. खालच्या खाचांत, बाजूच्या वळणांत, जिथे म्हणून घट्टा पडला असेल असं वाटलं तिथे तिथे तूप पोहोचवलं. पिवळसर पांढरा धूर उठला आणि पुरणपोळीवर तुपाची धार सोडल्याचा वास मैदानभर पसरला. टँकरवाले खाली उतरले. ऑटोवाल्यांनी नाकं वर केली. कोणीतरी विचारलं, इथी पंगत हाये काय.

मुकेश झेरॉक्स घेऊन आला तो हे बघत. धूर पाहून त्याचे पाय थांबले आणि वास येताच पुन्हा पळू लागले. तो पोहोचला तेव्हा त्याच्या आधी मोटार वाहन निरीक्षक पौर्णिमा थूल येऊन उभ्या होत्या. थूल मॅडमनी सकाळपासून एकोणीस गाड्या तपासल्या होत्या आणि त्यातल्या एकीलाही साजूक तुपाचा वास नव्हता.

“हे काय आहे?” त्यांनी विचारलं.

मुकेशच्या डोक्यातून तीन उत्तरं गेली. तेलाचं सील गळतं, गॅस्केट गेली आहे, पाण्याचा पाइप फुटला. तिन्ही शास्त्रशुद्ध होती आणि तिन्हींपैकी कुठल्याही एकावर गाडी नापास झाली असती. चौथं उत्तर खरं होतं.

“खांदशेक, मॅडम.”

थूल मॅडमनी आधी पळसाच्या पानाकडे, मग डब्याकडे, मग मनकर्णाबाईकडे पाहिलं. त्यांच्याही वडिलांकडे एक जोडी होती. खांदशेक त्यांनी लहानपणी पाहिली होती, पण चार सिलिंडरची नव्हती पाहिली.

“हाच खांदा हाये इचा,” मनकर्णाबाईने खुलासा केला. “पोट्ट्यानं सांगतलं मले.”

“पण मावशी, शेका लागते दोन्ही खांदे,” मॅडम गंभीरपणे म्हणाल्या. “इचा एकच हाये काय?”

दोघींनी मुकेशकडे पाहिलं.

“हिचा एकच, मॅडम. काही गाड्यांले दोन असतात.”

हे त्यांनी मान डोलावून मान्य केलं. मात्र समोर धूर दिसत असताना कागदावर धूर नाही असं आपण लिहू शकत नाही, हेही सांगितलं. तूप जळून जाईपर्यंत इंजिन चालू ठेवा, रांग संपली की शेवटी बघते. आणि लवकर जळायला हवं असेल, तर जरा रेस करा. मुकेश गाडीत बसला. भंगारवाल्याचा टेम्पो त्याच्या डोळ्यांसमोर उभा होता. त्याने पाय दाबला.

सहा वर्षं चुलीवर राहिलेल्या सायलेन्सरने त्याच क्षणी पऱ्हाटीची सगळी राख मोकळी केली.

राख कुठे गेली हे शोधावं लागलं नाही. मागे पहाऱ्यावर नत्थूजी होते. ढग विरला तेव्हा तिथे डोक्यापासून धोतरापर्यंत एकाच रंगाचा एक म्हातारा ताठ उभा दिसला. फक्त दोन डोळे माणसाचे होते. पुढून तुपाचा धूर, मागून राख. मैदानात आता फक्त मंत्र म्हणणारा भटजी कमी होता.

“म्या सांगतलं होतं,” नत्थूजी शांतपणे म्हणाले. “चुलीची वस्तू चुलीवरच बरी.”

थूल मॅडमनी फाइल उघडून तोंडासमोर धरली आणि त्या चेसिस नंबर वाचू लागल्या. चेसिस नंबर सतरा अक्षरांचा असतो. तो वाचायला त्यांना बराच वेळ लागला आणि वाचताना फाइल हलत होती. टँकरवाल्यांना तोंड लपवायला फाइल नव्हती, त्यामुळे ते सरळ चाकांना टेकून हसले. मनकर्णाबाई पदर तोंडात धरून हसत होती. मुकेश स्टिअरिंगवर डोकं ठेवून, आता काही वाचवण्यासारखं उरलं नाही म्हटल्यावर माणूस हसतो, तसा हसत होता. चूल म्हणजे काय प्रकरण आहे, हे मॅडमनी विचारल्यावर त्याने तेही सांगून टाकलं. एकदा खरं बोलायला लागल्यावर मध्येच थांबायचं कशाला.

तूप चाळीस मिनिटं जळलं. तेवढ्यात रांग संपली. मग मॅडमनी जपानी तपासली. दिवे, ब्रेक, काच, काटे. बोनेटखाली वाकून टर्बोवरचा छाप वाचला, जाळी पाहिली. मागे जाऊन, नत्थूजींना जरा बाजूला व्हायला सांगून, सायलेन्सरवरचा कंपनीचा शिक्काही शोधला. राखेने घासून तो लख्ख झाला होता. मग प्रदूषणाची नळी लावली. आकडा यायला वेळ लागतो. त्या वेळात मुकेशला शेडमध्ये बाकं दिसली, फळा दिसला, पाढे ऐकू आले.

आकडा मर्यादेच्या बराच आत होता.

“पंधरा वर्षांची गाडी आणि सगळं कंपनीचं,” मॅडम सही करता करता म्हणाल्या. “सायलेन्सर चुलीवर गेला तेवढं सोडलं, तर एका बोल्टलाही कोणी हात लावलेला दिसत नाही. असा मालक मी पहिल्यांदा पाहिला.”

मुकेशच्या आठ वर्षांचा इतका पूर्ण अपमान कोणी केला नव्हता. त्याने हात जोडून आभार मानले. मॅडमनी निघताना मनकर्णाबाईला सांगितलं, की मावशी, पुढच्या वेळी खांदशेक घरी करून येजा.

आकांक्षाला फोन लावला तेव्हा तिचा तास सुरू होता. म्हणजे मी खरं लिहिलं होतं ना, एवढं विचारून तिने ठेवला. पण मागे पोरांचा गलका ऐकू आला, म्हणजे वर्गात तिने काहीतरी सांगितलं असणार.

परतीच्या वाटेवर आंजी गेल्यावर रस्ता सरळ आणि रिकामा झाला. राखेतले नत्थूजी समोर बघत म्हणाले, “इतकीच पळते काय?”

मुकेशने आरशात आईकडे पाहिलं. तिने डबा घट्ट धरला. त्याने गियर खाली घेतला आणि पाय दाबला.

मोठ्या टर्बोला जागं व्हायला वेळ लागायचा; दाबल्यावर आधी एक शांतता असायची आणि मग धक्का. मुकेश त्या शांततेची वाट बघत राहिला, पण ती आलीच नाही. लहान टर्बो पाय पडताच धावला. जपानी मागच्या चाकांवर बसल्यासारखी झाली आणि सुटली. नत्थूजींची टोपी उडून मागे मनकर्णाबाईच्या मांडीवर पडली, टोपीतली उरलेली राख सगळीकडे झाली आणि नत्थूजींची पाठ सीटला अशी चिकटली, की बसताना त्यांनी जाणीवपूर्वक ठेवलेलं चार बोटांचं अंतर नाहीसं झालं. आठ वर्षं मुकेश जे शोधत होता, ते माळ्यावर, संत्र्याच्या क्रेटमध्ये, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं होतं. त्याला एकविसाव्या वर्षासारखं हसू फुटलं आणि ते खरांगण्यापर्यंत थांबेना.

खरांगण्याला वेग कमी केला. नत्थूजींनी मागून टोपी घेऊन डोक्यावर नीट बसवली. गाव मागे पडल्यावर म्हणाले,

“अजून एकडाव.”

आर्वीपर्यंत ते तीनदा म्हणाले.

घरी पोहोचले तेव्हा ऊन कलत होतं. अंगणात उतरताच मनकर्णाबाईने कपाळावर हात मारला. खांदा चोळला, शेकला, पण त्या गोंधळात आवतन द्यायचं राहूनच गेलं. आवतन नाही, तर उद्या जेवायला येणार कोण? मुकेश म्हणाला, राहू दे माय, गाडीच आहे. नत्थूजींनी त्याच्याकडे एकदा पाहिलं. ते बोनेटपाशी गेले, हात ठेवला, चटका बसला तसा काढला, खांद्यावरचा दुपट्टा त्यावर अंथरला आणि मग त्यावर हात ठेवून, अकरा वर्षांपूर्वी म्हणत त्याच आवाजात म्हणाले,

“आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.”

मुकेश पाना घेऊन मागे गेला, सायलेन्सर काढायला. शब्द दिला होता. नत्थूजी तिथे येऊन उभे राहिले.

“राहू दे,” ते म्हणाले. “तिले लागते.”

आकांक्षा चहा घेऊन दारात आली होती. तिने गाडीकडे पाहिलं, सासऱ्यांकडे पाहिलं आणि न्हाणीमागच्या छपरातल्या गोल भोकाकडे पाहिलं. गणिताची बाई असल्यामुळे पुढचं उत्तर तिला लगेच आलं.

पोळ्याच्या दिवशी उमाट्यांच्या घरी सगळ्यांनी थंड पाण्याने आंघोळ केली.